बिअर अडकली म्हणण्याआधी हे वाचा: साधा काचेचा हायड्रोमीटर, बरेच महिने वापरून

घरी बिअर बनवताना फर्मेंटेशन, म्हणजे यीस्टने साखरेचं अल्कोहोल करणं, मध्येच थांबलं की बिअर अडकली म्हणतात. ते कळतं हायड्रोमीटरने, ही द्रवात तरंगणारी काचेची नळी घनता (ग्रॅव्हिटी) दाखवते, पाणी म्हणजे 1.000 आणि साखर जितकी जास्त तितका आकडा वर. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबचं सामान मिळतं तिथून 1.000 ते 1.100 रेंजचा काचेचा हायड्रोमीटर घेतला होता आणि सोबत उंच मेजरिंग सिलिंडर. थेंबभर द्रवातून साखर ब्रिक्समध्ये, म्हणजे टक्क्यांत, मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ऑनलाइन मागवलेला आधीपासून घरात होताच. दोन्ही मे महिन्यातल्या उकाड्यात आणि पुढे अख्खा पावसाळा वापरून झालेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

पहिलं म्हणजे एअरलॉककडे (बकेटच्या झाकणावरची, बुडबुड्यांनी गॅस बाहेर सोडणारी पाण्याची नळी) बघत बसायचं बंद करा. बकेटचं झाकण थोडं जरी लूज असलं तरी गॅस बाजूने निघून जातो, एअरलॉक ढिम्म, आणि आत फर्मेंटेशन मस्त चालू असतं. उलटंही होतं, सगळं संपलेलं असतं पण दुपारी खोली तापली की विरघळलेला गॅस सुटतो आणि बुडबुडे येतात, आपण खूश.

आता रिफ्रॅक्टोमीटरची गंमत. मुलुंडचा मित्र, पहिलीच बॅच, फोनवर रडकुंडीला आला, "अरे साडेसहा ब्रिक्सवर अडकलीय, हलतच नाहीये, ओतून देऊ का?" सुरुवात 1.050 ची होती आणि चार्टवर साडेसहा ब्रिक्स म्हणजे साधारण 1.026, म्हणजे घाबरायला जागा होती. पण अल्कोहोल तयार झालं की रिफ्रॅक्टोमीटर जास्त दाखवतो, कारण तो प्रकाश किती वाकतो ते मोजतो आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा जास्त वाकवतं. माझा हायड्रोमीटर घेऊन गेलो, बिअर 1.011 च्या आसपास, कधीच झालेली. तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर फक्त उकळताना आणि यीस्ट टाकायच्या आधी वापरा, दोन थेंबांत काम होतं, तिथे तो एक नंबर आहे. नंतर वापरायचाच असेल तर करेक्शन कॅल्क्युलेटर लागतोच.

हायड्रोमीटरचेही नखरे आहेत. कुठल्या तापमानाला बनवलाय ते आतल्या कागदावर लिहिलेलं असतं, माझ्यावर 20 डिग्री आहे. आपल्याकडे खोलीतच 30, त्यामुळे तो जवळपास 0.002 ते 0.003 कमी दाखवतो, म्हणजे 1.012 दिसलं तर खरं 1.014 च्या पुढे. मुंबईत ही चूक नेहमी एकाच बाजूला होते, बिअर आहे त्यापेक्षा जास्त झालेली वाटते. शिवाय गॅसचे फुगे काचेला चिकटले की तो वर उचलला जातो आणि उगाच जास्त दाखवतो, तेव्हा नमुना दोन ग्लासांत वरखाली करून गॅस काढायचा, कटिंग चहा निववतो तसा, आणि हायड्रोमीटर सिलिंडरमध्ये गर्रकन फिरवून सोडायचा. विकत घेतल्यावर साध्या पाण्यात एकदा तपासा, आतली कागदी पट्टी सरकलेली निघू शकते.

एवढं करूनही दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच जास्तीचा आकडा आला तर मात्र खरंच अडकलीय. माझी एक बॅच अशीच 1.050 वरून 1.022 ला येऊन बसली. बाहेरच्या गाईडमध्ये लिहितात थंडीमुळे होतं, मला वाटायचं मुंबईत कसली थंडी, पण बकेट बेडरूममध्ये होती, रात्री एसी, दिवसा बंद, आणि यीस्ट इंग्लिश एल या बिअरच्या प्रकाराचं, जे तसंही पटकन तळाला बसतं, त्यात रोज रात्री गारवा. बकेट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणली, झाकण न उघडता हळूच गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवलं, आणि चार-पाच दिवसांत 1.014. जोरात ढवळू नका, या स्टेजला हवा मिसळली की बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

यीस्टच मेलेलं असेल तर फिरवून काही होत नाही. मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात तापून आलेल्या पाकिटाची खात्री कोण देणार? थोडं यीस्ट कोमट साखरपाण्यात टाकून बघा, अर्ध्या तासात फेस आला तर जिवंत. पुन्हा यीस्ट टाकायची वेळ आली तर कोरडं भुरभुरू नका, आधी थोड्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) पाण्यात कामाला लावून मग घाला, कारण अर्धवट बिअरमध्ये अल्कोहोल असतं, तिथे झोपलेलं यीस्ट टिकत नाही. आणि माल्ट 69-70 डिग्रीला भिजवला असेल तर आकडा वर राहणारच, तिथे यीस्ट न खाऊ शकणारी साखर जास्त बनते, त्याला इलाज शोधत बसू नका.

उकाड्यासाठी बकेट पाण्याच्या टबात ठेवायची आणि त्या पाण्यात गोठवलेल्या बाटल्या. बकेटला ओला टॉवेल गुंडाळायची आयडिया पावसाळ्यात फुकट, हवा आधीच इतकी दमट असते की टॉवेल वाळतच नाही.

अडकलेली बिअर बाटलीत भरायची घाई अजिबात नको. ग्रॅव्हिटी 0.002 ने उतरली की साधारण एक व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाएवढा) गॅस तयार होतो आणि नेहमीची बिअर अडीच व्हॉल्यूमची, म्हणजे 1.020 ला भरली आणि आत 1.012 पर्यंत गेली तर नुसत्या त्यातूनच चार व्हॉल्यूम, वर प्रायमिंगची, म्हणजे बाटलीत गॅस होण्यासाठी घालतात ती, साखर वेगळी. काच फुटते, आणि ती वन रूम किचनमध्ये फुटते.

कायद्याचं म्हणाल तर 1949 च्या दारूबंदी कायद्यात परवान्याशिवाय बनवायलाच काय, परमिटशिवाय प्यायलाही बंदी आहे, तेवढं बघूनच सुरुवात करा.

तक्रार एकच, काच फार नाजूक, बेसिनमध्ये धुताना गेलीच समजा, म्हणून दोन घेऊन ठेवा. आणि मोजून झालेला नमुना परत बकेटमध्ये ओतू नका, पिऊन बघा. कोमट आणि बिनगॅसची लागते, पण अजून गोड आहे की नाही ते लगेच कळतं.