ग्रेडल रॅपर: रोज वापरल्यावरचा रिव्ह्यू, पाचपैकी चार स्टार

पाचवा स्टार का कापला ते सांगतोच, पण आधी चार का दिले ते.

ज्यांनी वापरला नसेल त्यांच्यासाठी, ग्रेडल म्हणजे जावा आणि अँड्रॉइड प्रोजेक्ट बिल्ड करायचं, म्हणजे कोडमधून चालणारं ॲप बनवायचं टूल, आणि रॅपर म्हणजे प्रोजेक्टच्या कोडसोबतच राहणारी एक स्क्रिप्ट, एक छोटीशी जार (जावाचा पॅक केलेला कोड) आणि एक प्रॉपर्टीज फाइल, मशीनवर ग्रेडल असो नसो, त्या फाइलमध्ये जे व्हर्जन लिहिलंय तेच तो डाउनलोड करतो आणि त्यावरच बिल्ड चालवतो. बस एवढंच काम. पण आमच्याकडे आधी प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं ग्रेडल होतं, एकाकडे बिल्ड पास, दुसऱ्याकडे तोच कोड फेल, आणि कोणाचं प्लगइन कशामुळे फुटतंय हे शोधण्यात अख्खी दुपार जायची. ते सगळं थांबलं. ह्यासाठी मनापासून आभार.

आता पाचवा स्टार. नवीन लॅपटॉपवर जावा २१ टाकलं, जुना प्रोजेक्ट क्लोन केला, त्याच्या रॅपरमध्ये ग्रेडल ७.६, बिल्ड मारला आणि समोर "अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५". कोडची एक ओळ बदललेली नाही! मी कॅश साफ केली, मग होममधलं अख्खं डॉट ग्रेडल फोल्डर उडवलं, ग्रेडल परत डाउनलोड होईपर्यंत बसून राहिलो आणि शेवटी परत तोच एरर, तेच ६५.

त्या आकड्यातच उत्तर असतं हो. त्यातून ४४ वजा करायचे, २१ उरले म्हणजे जावा २१. ६१ दिसलं तर १७, ५५ म्हणजे ११, ५२ म्हणजे ८. ग्रेडल ७.६ ला जावा २१ झेपत नाही, त्यावर चालायला किमान ८.५ लागतं, जावा १७ साठी किमान ७.३. रॅपर ग्रेडलचं व्हर्जन पक्कं करतो पण ग्रेडल स्वतः ज्या जावावर चालतं ते नाही, ते सहसा मशीनच्या जावा होम ह्या सेटिंगमध्ये जे असेल तेच उचललं जातं. माझा स्टार इथे कापला गेला, कारण नवीन माणूस रॅपर आहे म्हणजे सगळंच लॉक आहे असं धरून चालतो. टूलचेन, म्हणजे कोड कुठल्या जावावर कंपाइल करायचा ते सांगणारं ग्रेडलचं सेटिंग, लावली तरी तुमचा कोड ठरलेल्या जावावर कंपाइल होतो, ग्रेडलला सुरू व्हायला त्याला चालणारा जावा लागतोच.

अँड्रॉइड स्टुडिओत बिल्ड होतो आणि टर्मिनलमध्ये फेल, असं झालं तर तिथेही बहुतेक वेळा हेच निघतं, स्टुडिओत ग्रेडलसाठी कुठलं जेडीके, म्हणजे जावाचं डेव्हलपमेंट किट, वापरायचं ते सेटिंग वेगळं असतं. म्हणून मी आता बिल्ड फुटला की काहीही डिलीट करायच्या आधी रॅपरला फक्त व्हर्जन विचारतो, ग्रेडल कुठलं, जावा कुठला, दोन्ही एकाच जागी दिसतात.

अजून एक, रॅपरची जार गिटमध्ये गेलीच पाहिजे, गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने सोडून द्यायच्या फाइल्सच्या यादीत, सगळ्या जार वगळल्या असतील तर ती पण गळते आणि सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड चालवणाऱ्या सर्व्हरवर, रॅपरचा मेन क्लास सापडत नाही असा एरर येतो. व्हर्जन वाढवताना रॅपर टास्क दोनदा चालवा, पहिल्यांदा प्रॉपर्टीज बदलते, दुसऱ्यांदा जार आणि स्क्रिप्ट नवीन येतात.

आणि घाईत एकदम लेटेस्ट ग्रेडलवर उडी मारू नका, जुनी प्लगइन्स तिथे फुटतात. अँड्रॉइडवाल्यांनी आधी अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगइनचं व्हर्जन बघा, ८.० असेल तर किमान ग्रेडल ८.० आणि जेडीके १७ लागतं, ७.० असेल तर ग्रेडल ७.० आणि जेडीके ११. मी तो जुना प्रोजेक्ट शेवटी जावा १७ वर चालवला, रॅपरला हातही लावला नाही, पहिल्याच फटक्यात बिल्ड पास.