नऊ महिने ऑल-इन-वन वापरल्यावर: स्क्रीनची लुकलुक आणि माझा चुकलेला नेम

ऑल-इन-वन म्हणजे स्क्रीनच्याच मागे अख्खा संगणक बसवलेलं मशीन. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते. टेबलावर एकच वायर, पायाशी सीपीयूचा डबा नाही, रंगही छान. तिसऱ्या महिन्यात स्क्रीन अधूनमधून लुकलुकायला लागली आणि मग एके दिवशी काळीच झाली. गाणं मात्र चालू होतं.

आवाज चालू आहे म्हणजे मशीन बंद पडलेलं नाही, फक्त चित्र गेलंय, हे मला उशिरा सुचलं. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर (चित्र काढणारी चिप चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने सुरू होतो आणि उघडं काम तसंच राहतं. मी पॉवर बटण दाबून धरायचे. त्यात दोन वेळा न सेव्ह केलेली फाइल गेली.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाच्या नोंदी सापडल्या: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला. ग्राफिक्स चिप साधारण २ सेकंद अडकून राहिली की विंडोज हा रीसेट स्वतःच करते. म्हणून जुना ड्रायव्हर पूर्ण काढून, उत्पादकाच्या साइटवरचा नेमका माझ्या मॉडेलचा टाकला. काळी स्क्रीन तेव्हापासून आली नाही.

लुकलुक मात्र दोन आठवड्यांनी परत हजर. आणि इथे माझं चुकलं. एकदा ड्रायव्हरनेच बरं वाटलं होतं, म्हणून पुढे तीनदा तोच काढला-घातला. रोग रेड्याला, औषध पखालीला! गंमत म्हणजे दर वेळी दोन-तीन दिवस बरं जायचं. कारण आता कळतं: हे उद्योग मी सकाळी, मशीन थंड असताना करायचे आणि त्या निमित्ताने ते पुढे ओढून मागची धूळही पुसायचे. लुकलुक व्हायची ती तास-दोन तास तापल्यावर, आणि कडेला धरून जरा हलवलं की थांबायची. दोन वेगळे आजार होते, मी एकच समजत होते.

शेवटी बायॉस (विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंगची स्क्रीन) उघडून स्क्रीन तशीच ठेवली. तिथे विंडोज नाही, तिचा ड्रायव्हरही नाही. पाऊण तासाने तिथेही आडव्या रेघा उमटल्या. हे पहिल्याच आठवड्यात केलं असतं तर तीन महिने वाचले असते. मग एचडीएमआयने जुना मॉनिटर जोडला. (मागे दोन पोर्ट आहेत, त्यातला एक फक्त बाहेरचं चित्र आत घेणारा. त्यातच वायर खुपसून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली.) मॉनिटरवर चित्र स्वच्छ, शेजारी मूळ स्क्रीनवर रेघा. म्हणजे चिप ठीक, दोष पॅनेलमध्ये, म्हणजे खुद्द स्क्रीनमध्ये, नाहीतर त्याच्या केबलमध्ये. बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, गेला असता तर अंधारलेल्या स्क्रीनवर तिरका टॉर्च मारल्यावर पुसट चित्र दिसलं असतं. इथे उजेड होता, चित्रच फाटत होतं.

सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच सांगितलं, पॅनेल बदला. मी हलवल्यावर रेघा जातात तो व्हिडिओ पाठवला आणि आधी केबल तपासा म्हणून हटून बसले. उघडल्यावर मदरबोर्डकडचं केबलचं टोक अर्धवट बसलेलं निघालं. केबल बदलली, पॅनेल तेच आहे. त्याला आता अकरा आठवडे झाले, एकदाही रेघ नाही.

तरी माझे तीनच स्टार. साध्या डेस्कटॉपला मॉनिटर बदलून पाच मिनिटांत निदान झालं असतं. इथे एका केबलपायी अख्खा संगणक, आतल्या कामासकट, सहा दिवस दुसऱ्यांच्या टेबलावर होता. घेणार असाल तर चित्र बाहेर देणारा एचडीएमआय पोर्ट आहे का ते आधी बघा. काही मॉडेल्सना तो नसतोच.