विंचेस्टर ९४: जुनी की नवी? दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्याकडे दोन विंचेस्टर ९४ आहेत, खालची लिव्हर (दांडी) ओढून पुढचं काडतूस भरायच्या शिकारी रायफली, दोन्ही थर्टी-थर्टी काडतुसाच्या. एक १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या कारखान्यात बनलेली, दुसरी अलीकडची, जपानच्या मिरोकू कारखान्यातली. रेंजवर बरेच महिने आणि नंतर हरणांच्या अख्ख्या हंगामात दोन्ही आलटून पालटून वापरल्या. इथे पेनसिल्व्हेनियात पहिली रायफल घेणाऱ्याला हमखास सांगतात, "१९६४च्या आधीचीच घे." सल्ला खरा आहे, पण अर्धाच.

ही रचना जॉन ब्राउनिंगची, १८९४ची. आतले बरेच भाग भरीव पोलादातून कातून काढावे लागत. तो खर्च परवडेना, म्हणून १९६४ला काटछाट झाली. काडतूस उचलून चेंबरसमोर (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या खाचेसमोर) धरणारा कॅरिअर पत्रा दाबून बनवला गेला, भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना आल्या, रिसीव्हरचा, म्हणजे ही सगळी यंत्रणा सामावणाऱ्या धातूच्या पेटीचा, धातूही बदलला. त्या धातूवर नेहमीचं ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) नीट धरतच नाही. जुनी रायफल बघायला गेलात तर लिव्हर पूर्ण खाली ओढा आणि आत कॅरिअर बघा. पत्र्याचा असेल तर लगेच ओळखू येतो. पुढे सुधारणा झाल्या, पण गेलेलं नाव परत आलं नाही. २००६ला न्यू हेवनचा कारखानाही बंद झाला.

लिव्हर उघडी असताना माझी जुनी रायफल खुळखुळते. त्याला घाबरू नका. लिव्हर मिटली की लॉकिंग ब्लॉक बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाच्या) मागे वर चढतो आणि सगळं घट्ट बसतं. नवीत हा खुळखुळाट जवळजवळ नाही. लाकूड आणि धातूचा सांधा तर इतका नेटका की त्यावरून बोट फिरवत बसावं. मिरोकूचं काम पाहून '६४नंतरचं सगळं टाकाऊ' हे म्हणणं मी सोडून दिलं.

खरा फरक हॅमरमध्ये, म्हणजे गोळी उडवण्यासाठी आपटणाऱ्या मागच्या भागात आहे. जुनीत वेगळी सेफ्टी नाही, फक्त हाफ-कॉक, म्हणजे हॅमर अर्धा मागे अडकून राहतो ती जागा. चेंबरमध्ये काडतूस असताना ताणलेला हॅमर अंगठ्याने धरून, ट्रिगर दाबून, हळूच खाली आणायचा. डिसेंबरच्या थंडीत जाड हातमोजा घालून हे करताना माझं सगळं लक्ष त्या अंगठ्यावर असतं, आणि नळी जमिनीकडे. नवीत हॅमर आपणहून थोडा मागे येऊन थांबतो, शिवाय दस्त्याच्या मानेवर सरकती सेफ्टी आहे. अनेक जुन्या शिकाऱ्यांना ती खुपते. मला नाही. नवशिक्याच्या हातात देताना मी नवीच देतो. ट्रिगर मात्र मला जुनीचा आवडतो, एकदम स्वच्छ सुटतो.

जुनीतलं रिकामं काडतूस सरळ वर उडतं, त्यामुळे रिसीव्हरवर स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवणं गैरसोयीचं. १९८०च्या दशकापासून ते उजवीकडे उडतं. चाळिशीनंतर नळीच्या टोकावरची नेमाची माशी धूसर दिसू लागली की या बदलाची किंमत कळते.

गोळ्या दोन्हींना सपाट टोकाच्याच घ्या. नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोका बसताच पेटणाऱ्या बुडावरच्या टोपीवर) टेकतं, तिथे टणक अणकुचीदार टोक धोक्याचं. मऊ प्लास्टिक टोकाच्या, खास लिव्हर रायफलींसाठी केलेल्या गोळ्या चालतात.

रानात रोज वापरायची असेल तर नवी घ्या. १९६४च्या आधीची परवडत असेल तर जरूर घ्या, पण रिसीव्हरवर नंतर कुणी स्कोपसाठी भोकं पाडलेली नाहीत ना, हे आधी तपासा. एका भोकानेही संग्राहकाच्या लेखी किंमत बरीच उतरते.