मॉबएसएफचा लाल शेरा आणि फ्रिडाची कटकट

दुसऱ्यांनी लिहिलेली मोबाइल अ‍ॅप्स फोडून बघणं हे माझं काम, अर्थात मालकाची लेखी परवानगी हातात आल्यावरच. टीममध्ये नवीन आलेलं पोरगं पहिल्याच दिवशी विचारतं, "ताई, काय काय इन्स्टॉल करू?" त्याला पन्नास टूल्स कोंबलेली तयार किट हवी असते. मी चारच नावं सांगते: मॉबएसएफ (आपोआप तपासून अहवाल देणारं), जॅडएक्स (कोड वाचायला), फ्रिडा (चालू अ‍ॅपमध्ये शिरायला) आणि बर्प (अ‍ॅप-सर्व्हरमधलं बोलणं अडवून बघायला).

मॉबएसएफ फुकट आहे, ओपन सोर्स आहे. डॉकरने (प्रोग्रॅम तयार डब्यात बंद करून चालवणारं साधन) चालू करायचं, ब्राउझरमध्ये ८००० पोर्ट उघडायचा आणि एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, आत सोडायची. चहा होईपर्यंत परवानग्या, बाहेरून उघडे राहिलेले घटक, बॅकअपला दिलेली मोकळीक, सगळं समोर मांडलेलं असतं. पहिल्या तासासाठी याला तोड नाही. पण अहवालावर १०० पैकी गुण छापून येतात आणि तिथेच घोळ होतो. एकदा 'उघडी पडलेली गुपितं' या यादीत मला काय सापडलं? लॉगिनच्या पडद्यावरचं "पासवर्ड विसरलात?" हे वाक्य. त्या ओळीच्या नावात 'पासवर्ड' हा शब्द होता, एवढाच तिचा गुन्हा. क्लायंटने मात्र तेवढ्यावरून मीटिंग लावली.

त्याच अ‍ॅपमधलं खरं भोक वेगळंच होतं. बर्पमध्ये विनंती अडवून पावतीचा क्रमांक एकाने वाढवला, तर दुसऱ्याच माणसाची पावती उघडली, नाव-पत्त्यासकट. मॉबएसएफच्या अहवालात यावर अवाक्षर नव्हतं. असणार तरी कसं? चूक सर्व्हरवर होती, एपीकेत नव्हतीच.

बर्पपर्यंत ट्रॅफिक आणणं हीच मुळात एक लढाई. एनक्रिप्ट केलेलं ट्रॅफिक उघडायचं तर अ‍ॅपने बर्पचं सर्टिफिकेट खरं मानायला हवं. अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप्स तुम्ही स्वतः घातलेलं सर्टिफिकेट आपणहून मानत नाहीत, ते सिस्टममध्ये ढकलावं लागतं. अँड्रॉइड १४ ने सिस्टमच्या सर्टिफिकेटांची जागाच हलवली आणि माझी जुनी स्क्रिप्ट मुकाट्याने निकामी झाली. एरर नाही, काही नाही. एमुलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) वापरणार असाल तर प्ले स्टोअर नसलेली इमेज घ्या. प्ले स्टोअरवालीवर साधं रूट, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा, मिळत नाही.

आता फ्रिडा. चालू अ‍ॅपच्या आत शिरून एखादं फंक्शन काय घेतं, काय परत देतं हे बघायचं आणि वाटलं तर उत्तरच बदलायचं. 'फोन रूटेड आहे का?' याला 'नाही' म्हणायला लावणारी चार ओळींची स्क्रिप्ट पहिल्यांदा चालली, तेव्हा मी एकटीच खुर्चीत हसत बसले होते. पण बाईसाहेबांचे नखरे फार. फोनवरचा सर्व्हर आणि लॅपटॉपवरची आवृत्ती जुळली नाही तर गाडी हलत नाही. १७ वी आवृत्ती आली आणि माझ्या पायथनमधल्या स्क्रिप्ट 'जावा सापडत नाही' म्हणून रडू लागल्या. तीच स्क्रिप्ट फ्रिडाच्या कमांड लाइनवर मात्र सुरळीत! अर्धा दिवस गेल्यावर कळलं की अ‍ॅपच्या जावा कोडशी बोलणारा पूल आता फ्रिडाच्या मूळ गाभ्यातून काढलाय, तो आपण वेगळा जोडायचा. कमांड लाइनवर तो आधीच जोडलेला मिळतो.

फ्रिडावरच बसवलेलं ऑब्जेक्शन हे टूल एका आज्ञेत सर्टिफिकेट पिनिंग (ठरावीक सर्टिफिकेटच मानायचा अ‍ॅपचा हट्ट) गुंडाळतं, म्हणून पोरांना फार आवडतं. फ्लटरचं (हे गूगलचं अ‍ॅप बनवायचं साधन) अ‍ॅप आलं की चेहरे पडतात. त्याचं एनक्रिप्शन त्याच्याच इंजिनात असतं आणि ट्रॅफिक बर्पकडे वळवणारी फोनची प्रॉक्सीही ते जुमानत नाही. जॅडएक्सबद्दल तक्रार नाही. डेक्स, म्हणजे एपीकेतला कंपाइल केलेला कोड, उलगडून वाचता येईल असा जावा कोड देतं, शोध झकास आहे, बस्स.

आयफोनसाठी मी जुना आयफोन एक्स सांभाळून ठेवलाय. त्याचं कुलूप तोडून आत शिरू देणारी चेकएम८ नावाची फट चिपच्या बूटरॉममध्येच (फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, न बदलता येणारा कोड) असल्याने अ‍ॅपलला ती अपडेट पाठवून बुजवता येत नाही. बॅटरी तेवढी फुगत चाललीय, नवीन टाकायला हवी.