भाड्याची कार्ट, रोटॅक्स शर्यतीचा सीनियर वर्ग की डीडी२ वर्ग: तुमचं वजन काय म्हणतं?

कार्टिंगला, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्या पळवायला, टोळकं गेलं की पहिल्या हीटनंतर (छोट्या शर्यतीनंतर) कुणीतरी म्हणतंच, "त्याला चांगली गाडी मिळाली." पुष्कळदा गाड्या सारख्याच असतात, हलका असतो तो चालक.

भाड्याची कार्ट १५० किलोची धरा. ५५ किलोचा चालक बसला की २०५, ९० किलोचा बसला की २४०. इंजिन तेच, बऱ्याच ठिकाणी होंडाचं साडेसहा किंवा नऊ हॉर्सपॉवरचं. म्हणजे वेग घेण्याच्या बाबतीत जड चालक जवळजवळ १५ टक्क्यांनी मागे. कमाल वेगात फारसा फरक पडत नाही, पण तो गाठायला छोट्या ट्रॅकवर सरळ पट्टा असतो कुठे? खरा मार बसतो हेअरपिनला, म्हणजे जवळजवळ उलट्या दिशेला फिरवणाऱ्या अरुंद वळणाला. वेग पडतो, आरपीएम उतरतात, पाय पेडलवर पूर्ण दाबलेला असतो आणि गाडी नुसती गुरगुरते. तोवर हलका मित्र पुढच्या वळणाला लागलेला असतो. लांब, वाहती वळणं असलेल्या ट्रॅकवर हे अंतर कमी होतं.

टायरचं गणितही जड माणसाच्या बाजूने नाही. भार वाढला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. एक मात्र आहे. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियलही (वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, त्यामुळे आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच ती नीट वळते. उंच, जड माणसाच्या वजनाने ते सहज उचललं जातं, कधीकधी जरा जास्तच. पावसात हे चाक नीट उचललं जात नाही आणि हलक्या चालकाची गाडी वळायचं सोडून सरळ घसरत जाते. तेव्हा इंजिनची ताकद पूर्ण वापरताही येत नाही, म्हणून जड चालकाचा तोटा आणखी घटतो.

आता स्वतःची कार्ट घेऊन रोटॅक्सच्या, म्हणजे सगळ्यांना रोटॅक्स कंपनीचीच इंजिनं असणाऱ्या, शर्यतीत उतरायचं म्हटलं तर? (कोल्हापुरात मोहितेंच्या ट्रॅकवर या स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत.) तिच्यातला सीनियर मॅक्स वर्ग म्हणजे १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ३० हॉर्सपॉवर, गिअर एकच. इथे कार्ट आणि चालक मिळून किमान वजन ठरलेलं असतं. समजा ते १६० किलो आहे आणि कार्ट ९५ची. हेल्मेट-सूटसह ६५ किलो भरणारा चालक बरोबर काट्यावर बसतो, ५५चा असेल तर सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळतो. ९५ किलो भरणाऱ्याला मात्र नियमाचा उपयोग शून्य. हलक्याचं वजन वाढवता येतं, तुमचं कोण कमी करणार? ३० किलो जास्तीचे घेऊन पळायचं, म्हणजे जवळजवळ १९ टक्के. भाड्याच्या कार्टपेक्षाही वाईट सौदा.

फॉर्म्युला वनने २०१९पासून चालक आणि सीट मिळून वेगळं किमान ८० किलो ठरवलं, २०२५मध्ये ते ८२ केलं. त्यामुळे उपाशी राहून वजन उतरवण्याचा फायदा उरला नाही. कार्टिंगमध्ये मात्र सहसा एकूण वजनच बघतात.

रोटॅक्सचाच दुसरा वर्ग डीडी२. त्यात ३४ हॉर्सपॉवर, दोन गिअर, पुढच्या चाकांनाही ब्रेक. किमान वजनही सीनियरपेक्षा जास्त. हेअरपिनमधून निघताना खालचा गिअर हाताशी असतो, आणि जड माणसाला तोच हवा असतो. खर्च अर्थात वाढतो.

माझं मत विचाराल तर ६५च्या आत असाल तर सीनियर घ्या, वजन भरून काढता येईल. ८०च्या वर असाल आणि खिसा परवानगी देत असेल तर डीडी२. नाहीतर हलक्या चालकांना वजन लावायला सांगणारी भाड्याच्या कार्टची लीग शोधा. इलेक्ट्रिक कार्ट मिळाली तर आणखी बरं. बॅटरीमुळे ती मुळातच जड, त्यामुळे तुमच्या जास्तीच्या किलोंचा एकूण वजनातला वाटा कमी होतो.

वजन घरच्या कपड्यांवर नको, हेल्मेट, सूट, बूट घालून करा. आणि जुनी कार्ट घेताना सीट कुणाच्या मापाची लावलीय ते बघा. पुढच्या चाकांवर साधारण ४३ टक्के भार हवा असतो. ५५ किलोच्या मुलासाठी बसवलेल्या सीटवर तुम्ही बसलात तर तो हिशोब बिघडतो, म्हणून सीट नव्याने बसवायचा खर्च भाव ठरवतानाच धरा.