लंडनला कामानिमित्त जाताय? फ्लीट स्ट्रीटवरचा हा पब चुकवू नका

मीटिंग्जमधून कसाबसा दीड तास मिळत असेल तर थेट ‘ये ओल्ड चेशायर चीझ’ हा पब गाठा, ब्लॅकफ्रायर्स स्टेशनपासून चालत दहा मिनिटंही लागत नाहीत आणि सिटीतलं (म्हणजे लंडनच्या बँका-ऑफिसांच्या जुन्या भागातलं) ऑफिस असेल तर टॅक्सीची गरजच नाही. दार वाईन ऑफिस कोर्ट नावाच्या अरुंद बोळात आहे, नीट बघत जा. लंडनमधल्या 1666 च्या मोठ्या आगीनंतर 1667 मध्ये परत बांधलेला पब, दाराजवळच्या बोर्डावर तेव्हापासूनच्या राजा-राण्यांची नावं लिहिलीयेत, मी तर तिथेच वाचत उभा राहिलो. आत काळपट लाकूड, जमिनीवर भुसा, शेकोटी, आणि खाली तळघरात उतरताना उंच माणसाने डोकं सांभाळावं. इथला पॉली पोपट एवढा फेमस होता की 1926 मध्ये मेला तेव्हा पेपरात बातम्या आल्या, आता भुसा भरून ठेवलाय. बिअर सॅम्युअल स्मिथ या ब्रुअरीची, दारू नको असेल तर नुसतं जेवायलाही बसता येतं. लंचला ऑफिसवाल्यांची गर्दी असते म्हणून दुपारी तीननंतर जा, लॅपटॉप बॅगेतच राहू दे.