आयईएलटीएस लिसनिंगसाठी केंब्रिजचे सराव-संच: खरा माल मागच्या पानांत

परदेशी विद्यापीठासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणारी मराठी मुलं तयारीत सगळ्यात कमी वेळ लिसनिंगला देतात. रायटिंगचा धसका असतो, स्पीकिंगची धाकधूक असते, आणि ऐकायचं काय, कान तर आहेतच, असा हिशेब असतो. मग पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातून केंब्रिजचा संच येतो, रोज संध्याकाळी एक टेस्ट लावली जाते आणि वहीत ४० पैकी २६, २७, २५, २७ असे आकडे जमत जातात. पंधरा टेस्ट झाल्या तरी आकडा जागचा हलत नाही. तेव्हा दोष संचाला दिला जातो. संच उत्तम आहे, पण तो वापरायची रीत त्यावर छापलेली नाही.

आधी संचाबद्दल. पहिला १९९६ मध्ये निघाला आणि अलीकडे साधारण दरवर्षी एक नवा येतो. प्रत्येकात चार पूर्ण टेस्ट, ऑडिओ, उत्तरसूची आणि मागे ऑडिओत बोललेला शब्द न् शब्द छापलेला असतो. परीक्षेचे पेपर जी संस्था तयार करते तिचंच हे पुस्तक, त्यामुळे आवाज, वेग, प्रश्नांची भाषा आणि फसवणुकीच्या जागा अगदी परीक्षेसारख्या असतात. बाजारातल्या बाकीच्या संचांना हे साधलेलं नाही. त्यांत एक तर उत्तर ताटात वाढल्यासारखं येतं, नाही तर मुद्दाम न कळेल असं बोललेलं असतं. परीक्षेच्या दोन प्रकारांपैकी अ‍ॅकॅडमिक घ्यावं की जनरल, याची लिसनिंगपुरती काळजी नको, कारण हा विभाग दोन्हींना सारखाच असतो. २०२० पासून पहिल्या भागातलं सोडवून दाखवलेलं उदाहरण काढून टाकलं आहे, म्हणून पंधराव्या संचापासून पुढचे आजच्या परीक्षेशी जुळतात. दहा ते चौदा सरावाला चालतात. त्याआधीचे फुकट मिळाले तरच घ्या.

परीक्षेचा साचा असा: चार भाग, ४० प्रश्न, सुमारे ३० मिनिटं, आणि सगळं एकदाच ऐकू येतं. पहिल्या भागात दोघांचं कामाचं बोलणं असतं, बुकिंग, चौकशी, फॉर्म भरणं असं. दुसऱ्यात एकच माणूस एखाद्या जागेची किंवा सोयीची माहिती देतो आणि बरेचदा सोबत नकाशा असतो. तिसऱ्यात विद्यार्थी आणि कधी त्यांचे शिक्षक एखाद्या प्रोजेक्टवर बोलतात. चौथा म्हणजे सरळ व्याख्यान, मध्ये विश्रांती नाही. कागदावर परीक्षा दिली तर उत्तरं उतरवायला वेगळी १० मिनिटं मिळतात, कम्प्युटरवर मात्र तपासायला फक्त २. आता बहुतेकांची परीक्षा कम्प्युटरवरच होते, तरी पुस्तकाने सराव करणारे नकळत त्या १० मिनिटांची सवय लावून घेतात. पहिल्या दिवसापासून घड्याळात २ मिनिटंच धरा.

गुणांचं गणित बघितलं की या विभागाची किंमत कळते. ४० पैकी २३ म्हणजे साधारण ६ बँड (बँड म्हणजे या परीक्षेतली श्रेणी), ३० म्हणजे ७, ३५ म्हणजे ८. पेपरनुसार एखादा गुण इकडे-तिकडे होतो. समजा रीडिंगला ७, रायटिंगला ६ आणि स्पीकिंगला ६.५ आले. लिसनिंगला ७ असेल तर चारही विभागांची सरासरी ६.६२५ येते, आणि ती जवळच्या अर्ध्या बँडला धरतात, म्हणजे निकालावर ६.५. तिथेच लिसनिंग ८ असेल तर ६.८७५, म्हणजे निकालावर थेट ७. पाच उत्तरांचा फरक आहे. रायटिंग ६ वरून ७ वर न्यायला जो घाम गाळावा लागतो, त्याच्या निम्म्यात ही पाच उत्तरं येतात.

ती येतात मागच्या पानांतून. टेस्ट पूर्ण लावा, मध्ये थांबवू नका, निळ्या पेनाने लिहा. संपल्यावर लगेच उत्तरसूची उघडायची नाही. जिथे शंका होती किंवा जागा कोरी राहिली तेवढाच तुकडा पुन्हा ऐका आणि लाल पेनाने लिहा. मग तपासा. निळं चुकलं पण लाल बरोबर आलं, तर कान ठीक आहे, लक्ष चुकलं: प्रश्न वाचायला उशीर झाला, किंवा आधीच्या उत्तरातच मन अडकलं होतं. लालही चुकलं, तर तो आवाज किंवा शब्दच ओळखीचा नाही. या दोन दुखण्यांना औषधं वेगळी लागतात आणि नुसता ४० पैकी आकडा मांडणाऱ्याला आपलं दुखणं कोणतं हेच कळत नाही.

लक्षाच्या दुखण्यावर उपाय सोपा आहे. डोळे कायम दोन प्रश्नांवर ठेवा, चालू आणि पुढचा. पुढच्याचा शब्द कानावर पडला की चालू प्रश्न गेला असं समजून पुढे सरका. एक उत्तर हुकलं म्हणून त्याच्या मागे राहिलेला माणूस पुढची तीन घालवून बसतो. उत्तरपत्रिकेत सलग तीन-चार रिकाम्या जागा दिसल्या तर तिथे इंग्रजी कच्चं नव्हतं, घबराट झाली होती.

आवाजाच्या दुखण्याला वेळ लागतो. मागची पानं बंद ठेवून चुकलेल्या भागातला ३० सेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि ऐकू येईल तसा शब्दशः लिहायचा. तीन वेळा ऐकायला हरकत नाही, पण वेग कमी करायचा नाही. ०.७५ वर ऐकलेलं इंग्रजी हे परीक्षेतलं इंग्रजीच नव्हे, कारण गिळलेली अक्षरं तिथे मोकळी होतात. मग छापील मजकुराशी ताडून पाहा. सुटलेले शब्द बहुतेक अवघड नसतातच. असतात ते ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’, ‘देम’ यांसारखे रोजचे शब्द, जे बोलताना जेमतेम अर्ध्या अक्षराएवढे उरतात. आपण मराठीच्या वळणाने इंग्रजीचं प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने बोलतो, मूळ इंग्रजी बोलणारे एका अक्षरावर जोर देऊन बाकीची पुसून टाकतात. आपलं ‘कम्फर्टेबल’ तिथे ‘कम्फ्टब्ल’ होतं, ‘व्हेजिटेबल’चं ‘व्हेज्टब्ल’, ‘टेंपरेचर’चं ‘टेंप्रचर’. शब्द डोळ्यांना शंभरदा भेटलेला असतो, कानाला एकदाही नाही. शेवटी तोच तुकडा ऑडिओबरोबर मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या.

आकडे आणि स्पेलिंग चुकण्याची ठरलेली ठिकाणं आहेत. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत शेवटचा ‘न’ शोधत बसू नका, तो ऐकू येईलच असं नाही. जोर शेवटच्या अक्षरावर पडला तर पंधरा, पहिल्यावर पडला तर पन्नास. फोन नंबरमध्ये शून्याला ‘ओ’ म्हणतात, दोन आकडे सारखे आले की ‘डबल’. वेळ सांगताना इंग्रज माणूस ‘हाफ सेव्हन’ म्हणाला तर ते साडेसात, साडेसहा नव्हेत. नावाचं स्पेलिंग सांगताना ऑस्ट्रेलियन ‘ए’ आपल्या कानाला ‘आय’ वाटतो, तर अमेरिकन ‘झी’ आणि ‘सी’ यांत गल्लत होते. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपण ‘व’नेच लिहितो, त्यामुळे नुसत्या आवाजावरून नाव लिहायला गेलं की हमखास चूक. अक्षरं सांगत असतील तेव्हा फक्त अक्षरंच ऐका. ‘अ‍ॅकॉमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम, ‘गव्हर्नमेंट’ आणि ‘एन्व्हायर्नमेंट’मधला एन, ‘वेन्सडे’मधला न ऐकू येणारा डी, ‘फेब्रुअरी’मधला पहिला आर: हे एकदाच वहीत उतरवून घ्या. स्पेलिंग चुकलं की गुण शून्य. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात. अनेकवचनाचा ‘एस’ कानाला सापडला नाही तर व्याकरणाला विचारा. रिकाम्या जागेआधी ‘मेनी’ असेल तर ‘एस’ लागणारच. ‘एकच शब्द’ अशी सूचना असताना शब्दाआधी ‘अ’ किंवा ‘द’ जोडला तरी उत्तर बाद.

पहिल्या भागातली फसवणूक जवळून बघण्यासारखी आहे. समजा फॉर्मवर हॉल कोणत्या वारी हवा ते भरायचं आहे. माणूस म्हणतो, मंगळवार बरा. बाई म्हणते, बघते हं, मंगळवार... सकाळी मोकळा आहे. इथे बहुतेक पेनं ‘ट्यूझडे’ लिहून मोकळी होतात. मग ती म्हणते, अरे, त्या आठवड्यात रंगकाम आहे, गुरुवारी जमेल का? माणूस म्हणतो, बुधवार असता तर बरं झालं असतं, पण चालेल. तीन वार कानावर पडले, उत्तर गुरुवार. ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘ओ, वेट’, ‘अनफॉर्च्युनेटली’ हे शब्द आले की पेन उचलायचं. संचाच्या मागच्या पानांत अशी प्रत्येक जागा अधोरेखित करा. आठ टेस्टमध्ये हे सगळे डाव ओळखीचे होतात, कारण ते मोजकेच आहेत. त्याच पानांवर प्रश्नातला शब्द आणि ऑडिओतला शब्द यांच्या जोड्याही लावा. प्रश्नात ‘फ्री ऑफ चार्ज’ असेल तर बोलणारा म्हणतो की याचे तुम्हाला पैसे पडणार नाहीत. प्रश्नातला शब्द जसाच्या तसा ऐकू आला तर उलट सावध व्हा.

तिसरा भाग सगळ्यात अवघड, आणि तिथे संचाची उणीव जाणवते. उत्तरसूची फक्त उत्तर देते, ‘बी’ का बरोबर आणि ‘सी’ का नाही हे सांगत नाही. एकाने मत मांडलं, दुसऱ्याने ‘आय सपोज सो’ म्हटलं, तर ती संमती धरायची की टोलवाटोलवी? हे स्वतःच छापील संवादावरून ठरवावं लागतं, आणि जोडीला कोणी असेल तर वाद घालून ठरवलेलं जास्त लक्षात राहतं.

दुसरी उणीव म्हणजे पुस्तक कागदाचं आहे. पडद्यावर वाचत, ऐकत आणि टाइप करत राहणं ही वेगळी कसरत आहे. काही प्रश्नांत उत्तर माउसने ओढून जागेवर टाकावं लागतं. आयईएलटीएसच्या अधिकृत संकेतस्थळावर कम्प्युटरवरच्या नमुना टेस्ट फुकट आहेत, त्या शेवटच्या पंधरवड्यात कराच. ज्यांना बोटं शोधत टाइप करावं लागतं त्यांनी आणखी आधी.

ऐकायला साधा वायरचा हेडफोन घ्या. परीक्षेत कानावर बसणारा हेडफोन असतो, म्हणून फोनच्या स्पीकरवरचा सराव वाया जातो. बास वाढवलेले हेडफोन तर मुळीच नकोत, कारण ‘स’, ‘फ’, ‘त’ हे आवाज वरच्या पट्टीत असतात आणि बासच्या धडधडीत तेच बुडतात. अनेकवचनाचा ‘एस’ गेला तो असा. चष्मा असेल तर हेडफोन लावून सलग अर्धा तास बसून बघा, दांडी टोचते.

‘ओरिजिनल एक्झाम ऑडिओ’ म्हणून फिरणारे व्हिडिओ टाळा. त्यांत आवाज फुटका असतो आणि उत्तरंही चुकीची असतात. रोजच्या सवयीसाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सहा मिनिटांचा कार्यक्रम पुरेसा आहे, त्याचा लिखित मजकूर मिळतो.

या पद्धतीने एका टेस्टला तीन-चार तास लागतात आणि काम तीन दिवसांत विभागावं लागतं. म्हणजे आठवड्याला दोन टेस्ट. दोन संच, आठ टेस्ट, एक महिना. तिसरा संच शेवटच्या दहा दिवसांसाठी कोरा ठेवा आणि त्याचाच आकडा खरा माना. एकदा सोडवलेल्या टेस्टमध्ये दुसऱ्यांदा ३८ येतात ते स्मरणशक्तीचे गुण असतात. एवढं करूनही नेमकं लिसनिंगच अडलं, तर कम्प्युटरवर परीक्षा दिलेल्यांना तेवढा एकच विभाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो, मात्र तो निकाल आपलं विद्यापीठ धरतं का हे फी भरण्याआधी विचारून घ्या.

तीन संच कोरे घेण्याची गरज नाही, जुने चालतात. फक्त घेताना मागची पानं शाबूत आहेत का आणि त्यांवर पेनाने उत्तरं गिरवलेली नाहीत ना ते बघा. नव्या संचांचा ऑडिओ कोडवर मिळतो, तर कोड आधीच्या मालकाने वापरला आहे का तेही विचारा. झेरॉक्स प्रत स्वस्त असते, पण तिच्यात बहुधा प्रश्नांचीच पानं असतात.